भूल देणाऱ्या परिचारिकांचे शिक्षण : निवडीच्या निकषांचा अमेरिकी इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देण्याचे काम प्रामुख्याने दोन वेगवेगळ्या वाटांनी तयार झालेली माणसे करतात. पहिली वाट वैद्यकीय महाविद्यालयातून जाते आणि भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरापाशी पोहोचते. ही वाट महाराष्ट्रातील वाचकाच्या ओळखीची आहे, कारण भारतात भूल देणे हे डॉक्टरांचेच काम मानले जाते. दुसरी वाट परिचर्येतून, म्हणजे नर्सिंगची पदवी आणि अतिदक्षता विभागातील नोकरी यांतून निघते, सुमारे तीन वर्षांच्या स्वतंत्र शिक्षणक्रमातून जाते आणि राष्ट्रीय परीक्षेनंतर ‘सीआरएनए’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणित नोंदणीकृत परिचारिका-भूलतज्ज्ञापाशी पोहोचते. या दुसऱ्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला शिक्षणक्रम निवडताना काही ठरावीक प्रश्न विचारावे लागतात : शिक्षणक्रमाला मान्यता कोणाची आहे, विद्यार्थ्याच्या हातून किती आणि कोणत्या प्रकारच्या रुग्णांना भूल दिली जाते, शिकवणारे कोण आहेत, परीक्षेत किती जण उत्तीर्ण होतात, किती जण मध्येच सोडून जातात, खर्च किती येतो आणि शिक्षण पुरे झाल्यावर कोणत्या राज्यात कितपत स्वतंत्रपणे काम करता येते. यांतला प्रत्येक प्रश्न कधी ना कधी रुग्णालयात, न्यायालयात किंवा व्यावसायिकांच्या सभेत झगडून सोडवावा लागलेला आहे. त्यामुळे या निकषांचा इतिहास पाहिला, की या व्यवसायाचाच इतिहास हाती येतो, आणि कोणत्या निकषाला किती वजन द्यावे हेही त्यातूनच कळते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ देऊन एका रुग्णाला बेशुद्ध केले आणि शल्यचिकित्सक जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर जाहीरपणे शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी एडिंबरोमध्ये जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. औषधे मिळाली, पण ती द्यायची कोणी, हा प्रश्न मात्र पुढची पाच-सहा दशके लोंबकळत राहिला. इंग्लंडमध्ये जॉन स्नो यांच्यासारख्या डॉक्टरांनी भूल देणे हा आपला मुख्य व्यवसाय केला. स्नो यांनी १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिल्यावर तर या कामाला प्रतिष्ठाही लाभली. अमेरिकेत तसे घडले नाही. तेथे भूल देण्याचे काम हाताशी असेल त्याच्याकडे, बहुधा रुग्णालयातील सर्वांत नवख्या डॉक्टरकडे, जात असे. त्या तरुण डॉक्टरचे लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा शल्यचिकित्सकाच्या हातांकडे असे, कारण त्याला शिकायची होती ती शस्त्रक्रिया. भूल देण्याबद्दल मिळणारा मोबदला नगण्य होता आणि त्यात जन्म घालवण्याची इच्छा क्वचितच कोणाला होती. शल्यचिकित्सक लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीचा प्रसार झाल्यावर पोटाच्या लांबलचक शस्त्रक्रिया शक्य झाल्या, शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने वाढली, आणि रुग्ण सुरीने न दगावता भुलीने दगावतो, ही गोष्ट शल्यचिकित्सकांना सतावू लागली.

या अडचणीवर पहिला टिकाऊ उपाय निघाला तो कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या रुग्णालयांत. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलमध्ये १८७७ पासून सिस्टर मेरी बर्नार्ड भूल देण्याचे काम पाहू लागल्या. केवळ याच कामाला वाहून घेतलेली पहिली ज्ञात परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यानंतर मध्य-पश्चिमेकडील राज्यांत फ्रान्सिस्कन जोगिणींची रुग्णालये उभी राहिली आणि तेथील शल्यचिकित्सकांनी आपल्यासाठी भूल देण्यास याच जोगिणींना शिकवले. त्या रुग्णालयातच राहत, वेगळा मोबदला मागत नसत, काही महिन्यांनी दुसरीकडे निघून जात नसत आणि त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे नव्हते. ज्या गुणांसाठी त्यांची निवड झाली, त्या गुणांत एकाग्रता आणि निष्ठा होती, तसेच कमी वेतन आणि दुय्यम स्थान निमूटपणे स्वीकारण्याची अपेक्षाही होती. पुढे संपूर्ण व्यवसायाला ज्या वादांतून जावे लागले, त्यांचे बीज या पहिल्या निवडीतच आहे : काम अत्यंत जबाबदारीचे, पण करणारीचा दर्जा मात्र दुसऱ्याने ठरवलेला.

मिनेसोटातील रॉचेस्टर या लहान गावात १८८९ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटल सुरू झाले आणि विल्यम व चार्ल्स या मेयो बंधूंनी तेथे शस्त्रक्रियेचे जे केंद्र उभारले त्याला देशोदेशीचे शल्यचिकित्सक भेट देऊ लागले. तेथे आरंभी भूल देण्याचे काम एडिथ ग्रॅहम या प्रशिक्षित परिचारिकेकडे होते. १८९३ मध्ये त्यांचा चार्ल्स मेयो यांच्याशी विवाह झाला आणि त्यांच्या जागी ॲलिस मगॉ आल्या. मगॉ यांची पद्धत थेंबाथेंबाने ईथर देण्याची होती. तारेच्या हलक्या मुखवट्यावर गॉझच्या घड्या बसवून तो नाका-तोंडावर धरायचा, त्यावर बाटलीतून ईथरचा एकेक थेंब सोडायचा, आणि रुग्णाचा श्वास, त्वचेचा रंग, बाहुल्या व जबड्याचा ताठरपणा पाहत थेंबांची गती कमी-जास्त करायची. त्या काळी इतर ठिकाणी रुग्णाला धरून ठेवून भरमसाट ईथर देण्याची रीत होती. मगॉ मात्र रुग्णाशी शांतपणे बोलत राहत, पुढे काय वाटेल ते त्याला आधीच सांगत, आणि या धीर देण्यामुळे औषधही कमी लागत असे. १९०६ मध्ये त्यांनी १४,००० हून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलीचा आढावा वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांत केवळ भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. एका परिचारिकेने आपल्या कामाची संख्येनिशी नोंद ठेवावी, तिचे विवेचन करावे आणि ते डॉक्टरांसमोर मांडावे, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. हातून गेलेल्या रुग्णांची संख्या आणि त्यांचे परिणाम हाच प्रावीण्याचा पुरावा, हा निकष या व्यवसायाला मगॉ यांनी दिला आणि आजही शिक्षणक्रमांची पारख मुख्यतः त्याच निकषावर होते.

तरीही मगॉ यांच्या काळात शिक्षणाची निवड परिचारिकेच्या हाती नव्हती. शल्यचिकित्सक एखादी हुशार, शांत स्वभावाची परिचारिका हेरत, तिला रॉचेस्टरला काही दिवस किंवा आठवडे पाहायला पाठवत, आणि परत आल्यावर ती त्यांच्यासाठी काम करू लागे. या पद्धतीत शिकवणारी कुशल असेल तर शिकणारीही कुशल होई, पण शिकवण्याला ठरलेला अभ्यास नव्हता, शरीरक्रियाशास्त्र किंवा औषधशास्त्र यांचे पद्धतशीर ज्ञान मिळेलच याची खात्री नव्हती, आणि शिकून झाल्यावर बाहेरच्या कोणाला दाखवता येईल असे प्रमाणपत्रही नव्हते. ही उणीव भरून काढण्याचा पहिला औपचारिक प्रयत्न १९०९ मध्ये ओरेगनमधील पोर्टलंड येथील सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलमध्ये झाला. ॲग्नेस मॅगी यांनी चालवलेल्या या विद्यालयाचा अभ्यासक्रम सात महिन्यांचा होता आणि त्यात शरीररचना, शरीरक्रिया, औषधे आणि त्या काळी प्रचलित असलेली भुलीची द्रव्ये देण्याचे तंत्र शिकवले जाई. येथून पुढे, निदान तत्त्वतः, परिचारिकेला स्वतः अर्ज करून शिकायला जाण्याची सोय झाली.

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे लेकसाइड हॉस्पिटलमध्ये जॉर्ज क्राइल या शल्यचिकित्सकाने १९०८ मध्ये ॲगाथा हॉजिन्स या कॅनडात जन्मलेल्या परिचारिकेला भूल देण्यासाठी निवडले. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने रुग्ण का खचतो, हा क्राइल यांच्या संशोधनाचा विषय होता, आणि त्या धक्क्याची तीव्रता कमी करण्यासाठी ते नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांच्या मिश्रणाचा वापर करू पाहत होते. हे वायू ईथरपेक्षा चंचल असतात. प्राणवायूचे प्रमाण जरा कमी पडले तर रुग्ण काळानिळा पडतो आणि जास्त झाले तर तो जागा होतो, म्हणून ते देणारीला सतत बारकाईने लक्ष ठेवावे लागते. हॉजिन्स यांनी या तंत्रात असे प्रभुत्व मिळवले, की पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ च्या अखेरीस, लेकसाइडचे पथक फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या न्यूयी येथील अमेरिकी रुग्णालयात गेले तेव्हा जखमी सैनिकांना भूल देणे आणि तेथील इतरांना ते शिकवणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. परत आल्यावर १९१५ मध्ये लेकसाइड येथे भूल देण्याचे रीतसर विद्यालय सुरू झाले. तेथे परिचारिकांबरोबर डॉक्टर आणि दंतवैद्यही शिकायला आले. परिचारिकेकडून डॉक्टर शिकतो, हे दृश्य त्या काळच्या वैद्यकीय जगाला सहजी पचणारे नव्हते.

विरोध लगेचच सुरू झाला. भूलशास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा व्हावी यासाठी झटणारे ओहायोतील डॉक्टर फ्रान्सिस मॅकमेकन यांनी १९१६ मध्ये राज्याच्या वैद्यकीय मंडळापुढे तक्रार नेली. भूल देणे म्हणजे वैद्यक व्यवसाय करणे होय आणि परवाना नसलेल्या परिचारिकेने तो करणे बेकायदा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाच्या आदेशामुळे लेकसाइडचे विद्यालय काही काळ बंद ठेवावे लागले. क्राइल यांनी मंडळापुढे बाजू मांडल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १९१९ मध्ये ओहायोच्या कायद्यातच दुरुस्ती होऊन डॉक्टरच्या देखरेखीखाली भूल देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांना संरक्षण मिळाले. केंटकी राज्यात शल्यचिकित्सक लुई फ्रँक आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या परिचारिका मार्गारेट हॅटफिल्ड यांना न्यायालयात जावे लागले. १९१७ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने असा निर्णय दिला, की शल्यचिकित्सकाच्या सूचनेनुसार भूल देणारी परिचारिका वैद्यक व्यवसाय करत नाही. कॅलिफोर्नियात मंदीच्या काळात डॉक्टरांचेही उत्पन्न घटले होते, आणि लॉस एंजेलिस येथे भूल देणाऱ्या डॅगमार नेल्सन या परिचारिकेविरुद्ध दावा गुदरला गेला. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेल्सन यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर या मूलभूत हक्कावर तितक्या जोराचा न्यायालयीन हल्ला झाला नाही.

या निकालांचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही आजच्या उमेदवारापर्यंत पोहोचलेले आहेत. एक म्हणजे परिचारिकेचे काम कायदेशीर ठरले. दुसरा म्हणजे ते कायदेशीर ठरले ते ‘शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली’ या अटीवर. अमेरिकेत व्यवसायाचे परवाने आणि त्यांच्या मर्यादा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते, म्हणून ही अट कोठे कडक, कोठे सैल, तर कोठे नाममात्र राहिली. २००१ मध्ये केंद्र सरकारने आपल्या ‘मेडिकेअर’ या, मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या, आरोग्यविमा योजनेतील देखरेखीची अट राज्याच्या राज्यपालाने कळवल्यास शिथिल करता येईल असा नियम केला, आणि त्याच वर्षी आयोवा राज्याने सर्वप्रथम ही सवलत घेतली. या नियमाचे महत्त्व ग्रामीण भागात विशेष जाणवते, कारण तेथील अनेक लहान रुग्णालयांत भूल देणारा डॉक्टर नसतोच, आणि प्रसूती, अपघात व तातडीच्या शस्त्रक्रिया या परिचारिकांवरच अवलंबून असतात. म्हणून शिक्षणक्रम निवडताना पुढे कोठे काम करायचे आहे याचा विचार आधीच करावा लागतो : मोठ्या शहरात डॉक्टरांच्या चमूत काम करणे आणि गावातल्या रुग्णालयात रात्री एकट्याने निर्णय घेणे, या दोहोंसाठी लागणारी तयारी सारखी नसते.

न्यायालयांनी हक्क दिला, पण दर्जाची हमी देणे न्यायालयांचे काम नव्हते. १९२० च्या दशकात आपल्यापुरती माणसे तयार करणारी विद्यालये अनेक रुग्णालयांत निघाली. कोठे अभ्यासक्रम चांगला होता, तर कोठे विद्यार्थिनी म्हणजे बिनपगारी मनुष्यबळ अशी स्थिती होती. १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात राल्फ वॉटर्स यांनी डॉक्टरांसाठी भूलशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले, आणि तुलनेसाठी एक उंच मापदंड समोर आला. अशा वेळी १७ जून १९३१ रोजी हॉजिन्स यांच्या पुढाकाराने क्लीव्हलंडमध्ये भूल देणाऱ्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ नर्स ॲनेस्थेटिस्ट्स’ हे नाव तिने पुढे घेतले. परिचारिकांच्या मुख्य संघटनेने त्यांना स्वतंत्र शाखा म्हणून सामावून घेतले नाही आणि डॉक्टरांच्या संघटनांना त्या नकोशा होत्या. त्यामुळे अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदी यांची व्यवस्था या स्त्रियांना मुळापासून स्वतःच उभारावी लागली. सेंट लुईस येथील बार्न्स हॉस्पिटलच्या हेलन लॅम्ब या शिक्षणाच्या बाबतीत सर्वांत आग्रही होत्या. १९३३ मध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे कर्कग्रस्त फुप्फुस पूर्ण काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली तेव्हा भूल लॅम्ब यांनी दिली होती, आणि छाती उघडी असताना श्वास चालू ठेवणे किती कठीण असते हे जाणणाऱ्या या शिक्षिकेने किमान अभ्यासक्रमाचा आग्रह धरला, यात नवल नाही.

त्या आग्रहातून तीन गोष्टी क्रमाने आल्या. १९४५ मध्ये पहिली राष्ट्रीय पात्रता परीक्षा झाली आणि कोणत्याही विद्यालयातून शिकलेल्या परिचारिकेला एकाच मापाने तोलता येऊ लागले. १९५२ मध्ये विद्यालयांना मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली; मान्यता म्हणजे बाहेरच्या तपासनिसांनी प्रत्यक्ष येऊन अभ्यासक्रम, शिक्षक, रुग्णांची संख्या आणि सोयी पाहून विद्यालय योग्य आहे असे प्रमाणित करणे. १९५६ मध्ये ‘सीआरएनए’ हे पदनाम स्वीकारले गेले. आज मान्यता नसलेल्या शिक्षणक्रमाचा विचार कोणी करत नाही, कारण त्यातून बाहेर पडणाऱ्याला परीक्षेलाच बसता येत नाही. परंतु १९५२ पूर्वी शिकायला जाणाऱ्या परिचारिकेला आपण चांगल्या ठिकाणी जात आहोत की नाही हे कळण्याचा कोणताही तटस्थ मार्ग नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कोरड्या भासणाऱ्या शब्दाचे मोल ध्यानात येते.

दर्जा वाढत असताना प्रवेशाची दारेही हळूहळू रुंदावली. संघटनेने १९४७ मध्ये पुरुषांना सभासद करून घेतले. १९५५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या परिचर्या दलात अधिकारी म्हणून नेमला गेलेला पहिला पुरुष, एडवर्ड लायन, हा भूल देणारा परिचारकच होता. आज परिचर्येच्या इतर शाखांच्या मानाने या शाखेत पुरुषांचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. कृष्णवर्णीय परिचारिकांना मात्र वर्णभेदामुळे अनेक विद्यालयांची दारे दीर्घकाळ बंद होती, आणि म्हणून न्यूयॉर्कमधील हार्लेम हॉस्पिटलच्या विद्यालयाचे स्थान विशेष आहे. या विद्यालयाची धुरा अनेक वर्षे गोल्डी ब्रँगमन यांनी वाहिली. १९५८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत एका स्त्रीने कागद कापण्याची सुरी खुपसली आणि त्यांना हार्लेम हॉस्पिटलमध्ये आणले गेले तेव्हा भूल देणाऱ्या पथकात ब्रँगमन होत्या, आणि श्वासाची पिशवी हाताने दाबून त्यांनी किंग यांचा श्वास चालू ठेवण्यास हातभार लावला. १९७३ मध्ये त्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. शिक्षणक्रमाची निवड ही केवळ उमेदवाराच्या गुणवत्तेची आणि आवडीची बाब नसते, कोणाला कोठे प्रवेश मिळू शकतो यावर ती आधी ठरते, हे सत्य हार्लेमच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसते.

१९७० नंतरचा काळ हा रुग्णालयातून विद्यापीठाकडे जाण्याचा काळ आहे. १९७५ मध्ये मान्यता देण्याचे काम संघटनेपासून अलग करून एका स्वतंत्र परिषदेकडे सोपवले गेले, कारण ज्यांच्या हिताची संघटना आहे त्यांनीच आपल्या विद्यालयांची तपासणी करावी हे योग्य नव्हते. १९८० च्या दशकात रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशाचे नियम बदलले, विद्यालय चालवणे परवडेनासे झाले, पदवीची अट आली आणि अनेक जुनी रुग्णालयीन विद्यालये बंद पडली. एका पिढीच्या आत शिक्षणक्रमांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. याच दशकात, १९८६ च्या कायद्याने, मेडिकेअरकडून या परिचारिकांना त्यांच्या कामाचे पैसे थेट मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि व्यवसायाची आर्थिक प्रतिष्ठा वाढली. १९९८ पर्यंत सर्व शिक्षणक्रम पदव्युत्तर दर्जाचे झाले, तर १ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला डॉक्टरेट दर्जाच्या शिक्षणक्रमातच प्रवेश देणे बंधनकारक झाले. ही डॉक्टरेट संशोधनापेक्षा व्यवसायाशी निगडित असते. तिला सामान्यतः ३६ महिने लागतात, आणि अभ्यासाचा भार इतका असतो की या काळात नोकरी करणे बहुतेकांना अशक्य होते. जोगिणींनी विनामूल्य शिकून विनामूल्य केलेल्या कामापर्यंत आता मोठे शैक्षणिक कर्ज काढून पोहोचावे लागते, आणि म्हणून शुल्क व राहणीचा खर्च हा प्रश्न उमेदवाराच्या यादीत पूर्वी कधी नव्हता इतका वर आलेला आहे.

या दीर्घ प्रवासातून घडलेले आजचे निकष नीट वाचायला शिकावे लागतात. मान्यतेच्या नियमांनुसार विद्यार्थ्याने किमान ६०० रुग्णांना भूल देण्यात भाग घेतलेला असावा आणि किमान २,००० तास प्रत्यक्ष रुग्णालयीन काम केलेले असावे, शिवाय त्यांत तान्ही मुले, वृद्ध, प्रसूतीच्या स्त्रिया, हृदय व मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि तातडीचे रुग्ण यांचे ठरावीक वाटे असावेत. ही किमान मर्यादा सर्वांना सारखी असली तरी तिच्या पलीकडचे अंतर फार मोठे असू शकते. काही ठिकाणी विद्यार्थ्याला मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची किंवा हातापायाच्या एखाद्याच मज्जातंतूला बधिर करण्याची भरपूर संधी मिळते; काही ठिकाणी ती संधी डॉक्टर विद्यार्थ्यांबरोबर वाटून घ्यावी लागते. शिक्षणक्रमाच्या रचनेतही भेद आहे : कोठे पहिले वर्षभर वर्गातला अभ्यास होऊन मग शस्त्रक्रियागृहात प्रवेश मिळतो, तर कोठे दोन्ही गोष्टी आरंभापासून बरोबरीने चालतात. पहिल्या पद्धतीत पाया भक्कम होतो, दुसरीत वाचलेले लगेच हाताखालून जाते. कोणती पद्धत चांगली हे शिकणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. प्रत्येक शिक्षणक्रमाने पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण, गळतीचे प्रमाण आणि नोकरी मिळणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करणे आवश्यक असते, आणि हे आकडे एकत्रच वाचावे लागतात. कारण कच्च्या विद्यार्थ्यांना वेळीच साहाय्य न देता बाहेर काढणाऱ्या संस्थेचा निकाल कागदावर उत्तम दिसतो, पण त्या निकालात शिकवण्याचे श्रेय थोडे असते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध मर्यादित, पण खरा आहे. भूल देताना नाडीकडे पाहायचे की श्वासाकडे, या प्रश्नावर १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले, आणि त्या काळी मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. एडवर्ड लॉरी यांच्या नेतृत्वाखालील त्या आयोगांचा निष्कर्ष, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि हृदय नंतर, पुढील संशोधनाने पूर्णपणे टिकला नाही. परंतु भूल देणाऱ्याने सारे लक्ष रुग्णावरच ठेवावे, हा त्यामागचा आग्रह रॉचेस्टरच्या मगॉ यांच्या कामाशी जुळणारा होता. हैदराबादच्याच वैद्यकीय विद्यालयात शिकून रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्यात प्रावीण्य मिळवले, पण त्या डॉक्टर होत्या, आणि भारतात ही विद्या पुढेही डॉक्टरांकडेच राहिली. आज महाराष्ट्रातून परिचर्येची पदवी घेऊन अमेरिकेत जाणाऱ्या परिचारिकांपैकी ज्यांना या वाटेने पुढे जायचे असते, त्यांना एक गोष्ट आधीच माहीत असावी लागते : पदवीचे मूल्यमापन करून घेता येते आणि परवान्याची परीक्षा देता येते, परंतु प्रवेशासाठी लागणारा किमान एक वर्षाचा अतिदक्षता विभागातील अनुभव अमेरिकेतील, तिच्या प्रदेशांतील किंवा तिच्या लष्करी रुग्णालयातीलच असावा लागतो. मुंबई-पुण्याच्या अतिदक्षता विभागात काढलेली वर्षे हात आणि नजर तयार करतात, पण अर्जात ती या अटीपुरती मोजली जात नाहीत. म्हणून निवडीचे नियोजन अमेरिकेतील पहिली नोकरी स्वीकारतानाच करावे लागते.

या सगळ्या निकषांचा क्रम इतिहासाच्या प्रकाशात पुन्हा लावला तर तो जाहिरातींतल्या क्रमापेक्षा वेगळा येतो. संस्थेचे नाव, विद्यापीठाची कीर्ती आणि पदवीचे शीर्षक या गोष्टी या व्यवसायात सर्वांत उशिरा आलेल्या आहेत. डॉक्टरेटची अट तर कालपरवाची आहे. सर्वांत आधी आलेला आणि एकदाही मागे न पडलेला निकष म्हणजे विद्यार्थ्याच्या हाताखालून किती आणि किती प्रकारचे रुग्ण जातात, त्या वेळी शेजारी उभा राहून शिकवणारे कोण असते, आणि झालेल्या कामाची नोंद किती प्रामाणिकपणे ठेवली जाते. त्यामागोमाग तटस्थ मान्यता आणि समान परीक्षा येतात, कारण चांगल्या शिक्षकाच्या नशिबी न पडलेल्या विद्यार्थ्यालाही किमान शिक्षणाची हमी त्यांनीच दिली. खर्च, अंतर, राज्याचे नियम आणि पुढील कामाचे स्वातंत्र्य यांचा विचार त्यानंतर, पण गंभीरपणे, करावा लागतो. शल्यचिकित्सक निवडताना रुग्ण चौकशी करतो, रुग्णालय निवडताना नातेवाईक सल्लामसलत करतात. भूल देणारी व्यक्ती मात्र रुग्णाला बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशीच भेटते आणि तिची पारख करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ती पारख त्याच्या वतीने आधीच करून ठेवण्याचे काम मान्यता, परीक्षा आणि नोंदी करतात, आणि त्यांचा पहिला उपयोग उमेदवार करतो. उत्तम शिक्षणक्रमाचा शोध हा उमेदवाराच्या महत्त्वाकांक्षेचा भाग आहेच, पण त्याहून अधिक तो अशा रुग्णाप्रती असलेल्या कर्तव्याचा भाग आहे, ज्याला स्वतः निवड करण्याची संधी कधीच मिळत नाही.